नवी पेठेतल्या मोबाईल दुकानातल्या दादांना, आमच्या नायनांकडून आणि माझ्याकडून

दादा नमस्कार,

तुमचं नाव मला माहीत नाही, विचारायचंच राहिलं. मार्चमध्ये एका दुपारी मी आणि माझे वडील तुमच्या दुकानात आलो होतो, ऊन असलं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि मी काउंटरवर एक कानाचं मशीन ठेवून म्हणलं की हे रिपेअर होतंय का बघा नाहीतर मोठ्या आवाजाचा हेडफोन द्या. एवढ्यावरून आठवतंय का बघा. तुम्ही हेडफोन दिला नाही. उलट आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि पाऊण तास घालवला, गिऱ्हाईक उभं असताना.

आम्ही वडिलांना नायना म्हणतो, घरात तेलगू चालते आमच्या, सोलापूरच्या पूर्व भागात लई घरांत असंच आहे. नायनांनी 34 वर्षं लूमवर काढली, आधी चादरी मग टॉवेल, बारा बारा तासांची पाळी. कारखाना आतून बघितलेल्याला सांगायला नको, तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडायचं नाहीतर हातवारे करायचे. त्यात कान कधी गेले कुणाला कळलंच नाही. ते म्हणायचे आवाज येतोय पण काय बोलतेत ते कळंना, आणि आम्हाला वाटायचं लक्षच देत नाहीत, मी चिडून बोललोय त्यांना किती वेळा. ते आठवलं की आजपण पोटात कालवतं.

ते मशीन मी ऑनलाइन मागवलेलं, 900 रुपयांचं. कानात घातलं की शिट्टी मारायचं, ताट पडलं तर नायना दचकून उठायचे, आणि बोलणं मात्र होतं तसंच अस्पष्ट. तुम्ही ते हातात घेऊन सांगितलं की हे सगळंच सरसकट मोठं करतंय, पंखा पण भांडी पण माणूस पण, कान तपासून त्या माणसाच्या हिशोबानं सेट केलेलं मशीन वेगळं असतंय, पैसे घालायच्या आधी ऑडिओग्राम काढा, म्हणजे कान किती ऐकतो त्याचा ग्राफ. हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा तुमच्यामुळं आला. काढला आम्ही. कान तपासणाऱ्या मॅडमनी ग्राफ दाखवला, जाड आवाज बऱ्यापैकी ऐकू येतात, बारीक म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाची रेघ सरळ खाली गेलेली, आणि स, श, फ, त असली अक्षरं त्या बारीक आवाजातच असतात म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाही. रोज 8 तास 85 डेसिबलच्या वर काढले तरी कानाला धोका म्हणाल्या, लूमचं खातं त्याच्या वरच असतं, आणि कानाच्या आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आता एका कानाला नीट सेट केलेलं मशीन आहे, समोरासमोर एक माणूस बोलत असला तर भागतंय.

पण खरी गोष्ट फोनची. पोरीचा जुना अँड्रॉइड नायनांकडं होता, फक्त फोटो बघायला. तुम्ही त्यात गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब टाकलंत, समोरचा बोलेल ते अक्षरात लिहून येतंय ते. मी म्हणलं भाषा तेलगू ठेवा, घरात तीच आहे. तुम्ही थांबलात, आणि मला न विचारता नायनांच्या समोर पेपर धरून खुणेनं विचारलंत, वाचता कशात? नायना सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेत, तेलगू बोलतात पण तेलगू अक्षर वाचता येत नाही त्यांना. चाळीस वर्षांचा झालो मी, माझ्या ते डोक्यात आलं नव्हतं. पहिली भाषा मराठी लावलीत, अक्षरं मोठी केलीत, आणि फोन त्यांच्या हातात देऊन बोललात, आजोबा जेवण झालं का. ते स्क्रीनवर आलं आणि नायना म्हणाले, झालं की, भाकरी आणि शेंगाचटणी. दोन वर्षांत कुणा परक्या माणसाला त्यांनी पहिल्याच झटक्यात बरोबर उत्तर दिलेलं मी बघितलं.

घरी आल्यावर अम्माची पंचाईत झाली, तिला मराठी येतं पण सवय नाही, मग ती फोनसमोर एकेक शब्द मोजून मराठीत बोलायला लागली, पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याशी पहिल्यांदा मराठीत. चुकीचं उमटलं तर पोरगी दुरुस्त करून सांगते. नेट गेलं की अडतंय, सगळे एकदम बोलले की गोंधळ होतोय, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून कुणी वैतागलं नाही. हे ॲप 2019 ला आलं आणि ते बनवणाऱ्यांत दिमित्री कानेव्स्की म्हणून संशोधक आहेत, ते स्वतः लहानपणापासून बहिरे आहेत, हे पोरीनं वाचून नायनांना दाखवलं. नायना बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले.

आणि पाण्याचं तर तुम्हाला सांगायलाच पाहिजे. निघताना तुम्ही त्याच ॲपमध्ये आवाजाचे नोटिफिकेशन चालू करून दिलेत, दार वाजलं, कुत्रं भुंकलं, पाणी वाहायला लागलं की फोन थरथरतो आणि लाइट मारतो. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, वेळ कधी रात्रीची कधी पहाटेची. आमच्या घरात पाणी भरायचं काम कायम नायनांचंच होतं, नळ खळखळला की ते उठायचे. कान गेले तसं ते काम आमच्याकडं आलं आणि तेव्हापासून ते लई गप्प झाले होते. आता नळाची तोटी उघडी ठेवून खाली पत्र्याची बादली असते, फोन खाटेच्या कडेला चार्जिंगला. अम्मानं मोरीत पाणी ओतलं तरी वाजतो कधीकधी. पण मागच्या मंगळवारी रात्री अडीचला पाणी आलं आणि आम्हाला सकाळी उठल्यावर कळलं, टाकी, पिंप, घागरी, सगळं भरून वर कापड बांधून नायना झोपले होते.

तुम्ही त्या दिवशी एक रुपया घेतला नाही. नायनांनी स्वतः विणलेली एक चादर ट्रंकेत जपून ठेवलीय, ती तुम्हाला द्यायची म्हणतेत. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं येतोय. मी काही बोलणार नाही, तेच फोन समोर धरतील, तुम्ही फक्त जरा सावकाश बोला.