तीन चौकटी पुसून टाक

पुणे,
रविवार सकाळ

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

आतड्यातल्या पाण्याच्या स्रावावर मज्जातंतू आणि दाह यांचा काय परिणाम होतो, या तुझ्या सेमिनारचा आराखडा वाचला. पहिल्याच स्लाइडवर तीन चौकटी आहेत: मज्जातंतू, दाह आणि आतड्याचं अस्तर. पहिल्या दोन चौकटींतून तिसरीकडे दोन स्वतंत्र बाण. चित्र सुबक आहे, पण पुसून टाक. दाहाचे बरेचसे बाण मज्जातंतूंच्या चौकटीतूनच अस्तरापर्यंत पोचतात. ही गोष्ट सुटली की पुढचे वीसही स्लाइड सुटे पडतात.

सुरुवात पाण्याच्या हिशोबाने कर. लहान आतड्यात रोज ८ ते ९ लिटर पाणी येतं. त्यातलं प्यायलेलं सुमारे २ लिटर. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. मोठ्या आतड्यात दीड-दोन लिटर उतरतं आणि शौचावाटे जातं जेमतेम १०० ते २०० मिली. शोषण मुख्यतः व्हिलायच्या, म्हणजे अस्तराच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या, टोकांकडे; स्राव मुख्यतः क्रिप्टमध्ये, म्हणजे त्यांच्या बुडाशी असलेल्या खळग्यांमध्ये. दोन्ही सतत चालू असतात, हे पहिल्या मिनिटातच सांग.

मग एकच क्रिप्ट पेशी मोठी करून दाखव. रक्ताच्या बाजूने एनकेसीसी१ हा वाहक एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आत आणतो. सोडियम पंप सोडियमला परत बाहेर काढतो, पोटॅशियम त्याच्या चॅनेलमधून निसटतं, क्लोराइड तेवढं आत साठून राहतं. आतड्याच्या पोकळीच्या बाजूचं सीएफटीआर हे क्लोराइडचं चॅनेल उघडलं की ते बाहेर पडतं. त्याच्या मागे सोडियम पेशींमधल्या फटींतून, आणि सोडियममागे पाणी.

या पेशीला दोन कळा आहेत. सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढला की सीएफटीआर उघडतं. कॅल्शियम वाढलं की रक्ताच्या बाजूची पोटॅशियम चॅनेल उघडतात, पेशी आतून जास्त ऋण होते आणि क्लोराइडला मागून रेटा मिळतो. नुसत्या कॅल्शियमचा परिणाम भडकतो आणि काही मिनिटांत विझतो. सायक्लिक एएमपीचा टिकून राहतो. दोन्ही एकदम आली तर स्राव दोघांच्या बेरजेहूनही जास्त होतो. आता कोण कुठली कळ दाबतं ते बघ. मज्जातंतूंचं व्हीआयपी हे निरोप-रसायन, दाहातलं प्रोस्टाग्लॅन्डिन ई२ आणि ॲडेनोसिन ही सायक्लिक एएमपीची मंडळी. मज्जातंतूंचं ॲसिटिलकोलीन आणि मास्ट पेशी या प्रतिकार पेशींचं हिस्टामिन ही कॅल्शियमची. म्हणजे दोन्ही पक्षांची माणसं दोन्ही कळांवर बसलेली आहेत. माझ्या मते तुझ्या सेमिनारचा हाच मधला स्लाइड.

मज्जातंतूंची वायरिंग थोडक्यात आटप. अस्तराच्या लगेच खाली माइस्नरचं जाळं, म्हणजे चेतापेशींचं जाळं, असतं. अस्तरातल्या एंटेरोक्रोमॅफिन पेशींमध्ये शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन असतं. घास सरकला, अस्तर ताणलं गेलं किंवा विष लागलं की त्या ते सोडतात. संवेदी चेतापेशी जागी होते, मधली चेतापेशी निरोप पुढे देते आणि शेवटची स्रावप्रेरक चेतापेशी क्रिप्टवर ॲसिटिलकोलीन किंवा व्हीआयपी सोडते. मेंदूला विचारायची गरज पडत नाही. ब्रेकही आहेत: सिम्पथेटिक तंतूंचं नॉरॲड्रिनलिन, सोमॅटोस्टॅटिन, एन्केफॅलिन. परीक्षक हमखास ब्रेकबद्दल विचारतात आणि मुलं हमखास विसरतात.

नुसत्या व्हीआयपीने काय होतं ते बघायला व्हीआयपोमा, म्हणजे व्हीआयपी सोडणारी गाठ, हा निसर्गाचाच प्रयोग आहे. व्हर्नर आणि मॉरिसन यांनी १९५८ साली वर्णन केलेल्या या आजारात रोजचे जुलाब बहुधा ३ लिटरच्या वर जातात, उपास केला तरी थांबत नाहीत, आणि पोटॅशियम धोकादायक खाली येतं. उपासाने न थांबणं ही स्रावी जुलाबाची खूण.

दाहाकडे येताना मास्ट पेशींपासून निघ, कारण त्या मज्जातंतूंच्या अगदी शेजारी बसतात. मास्ट पेशी फुटली की हिस्टामिन थेट अस्तरावर काम करतंच. शिवाय ते स्रावप्रेरक चेतापेशींना चेतवतं आणि सिम्पथेटिक टोकांतून नॉरॲड्रिनलिन सुटू देत नाही. ॲक्सिलरेटर दाबला आणि ब्रेकही काढला! प्रोस्टाग्लॅन्डिनही असंच थेट अस्तरावर आणि मज्जातंतूंमार्फत, दोन्हीकडून काम करतं. पोकळीत उतरलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एएमपी सोडतात, त्याचं अस्तरावर ॲडेनोसिन होतं आणि ते सायक्लिक एएमपी वाढवतं.

एक मोठी चूक मात्र दुरुस्त कर. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये क्लोराइडचा स्राव वाढून जुलाब होतात’ असं तू मोठ्या आतड्याच्या या दीर्घ दाहाबद्दल लिहिलं आहेस. ताज्या दाहाचं गणित जुन्या दाहाला लावू नकोस. महिनोन्महिने दाह राहिला की टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा ही दाहाची निरोप-प्रथिनं सोडियमचं शोषण पाडतात आणि पेशींमधल्या फटी सैल करतात. स्रावाची प्रतिक्रिया उलट मंदावलेली सापडते. तिथे पाणी ढकललं जाण्यापेक्षा ते ओढलं न जाणं हेच जास्त.

कॉलऱ्याचा स्लाइड चांगला आहे. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात विषाचा परिणाम दाखवला, ते ठेव. फक्त ‘विष थेट पेशीत सायक्लिक एएमपी वाढवतं’ इथेच थांबू नकोस. प्राण्यांच्या आतड्यात मज्जातंतूंचे निरोप अडवणारं टेट्रोडोटॉक्सिन किंवा हेक्सामेथोनियम दिलं की कॉलऱ्याच्या विषाचा स्राव बराच उतरतो. रोटाव्हायरसच्या बाबतीतही मज्जातंतूंचा वाटा उंदरांत दिसला आहे. तिथे हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासिल लशीचा उल्लेख केलास तर चालेल, पण एका ओळीपुरता.

आता उसिंग चेंबर, म्हणजे अस्तराचा करंट मोजायचं उपकरण. अस्तर दोन अर्ध्या कप्प्यांमध्ये पडद्यासारखं बसवायचं, व्होल्टेज शून्यावर धरायचं आणि त्यासाठी लागणारा करंट मोजायचा. स्नायूंचा थर सोलून काढलास तर त्यातलं ऑरबाखचं चेतापेशींचं जाळं जातं, माइस्नरचं राहतं. मज्जातंतूंचा प्रयोग त्यामुळेच जमतो. पायर पॅच (प्रतिकार पेशींचे पुंजके) असलेला तुकडा घेऊ नकोस. द्रावण ३७ अंशांवर, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर. लहान आतड्यासाठी ग्लुकोज १० मिलिमोलर रक्ताच्या बाजूलाच घाल, पोकळीच्या बाजूला तेवढंच मॅनिटॉल; नाहीतर ग्लुकोजबरोबर शिरणारं सोडियम करंट वाढवेल आणि तू त्याला स्राव समजशील. अर्धा तास स्थिर होऊ दे.

क्रम असा ठेव. आधी विद्युत स्पंदनं देऊन करंट वर जातो ते बघ. मग रक्ताच्या बाजूला टेट्रोडोटॉक्सिन १ मायक्रोमोलर, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तीच स्पंदनं. रेघ सपाट राहिली तरच औषध लागू पडलं. आता हिस्टामिन दे आणि शेजारच्या, टेट्रोडोटॉक्सिन न दिलेल्या तुकड्याशी ताडून बघ; फरक तो मज्जातंतूंचा वाटा. शेवटी कार्बाकॉल १०० मायक्रोमोलर. ते ॲसिटिलकोलीनसारखं थेट अस्तरावर काम करतं, म्हणून तिथेही करंट हलला नाही तर तुकडा मेलेला आहे आणि आधीचे आकडे फेकून दे. क्लोराइडच आहे हे दाखवायला दुसऱ्या तुकड्यात रक्ताच्या बाजूने एनकेसीसी१ बंद करणारं ब्यूमेटानाइड.

प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होऊ न देणाऱ्या इंडोमेथासिनचा प्रश्न तुला नक्की विचारतील. सोलताना अस्तर दुखावतं, प्रोस्टाग्लॅन्डिन सुटतात आणि आधाररेषाच उंच जाते, म्हणून बहुतेक जण ते द्रावणातच घालतात. पण तुझा विषयच दाह आहे. इंडोमेथासिन घातलंस तर जे शोधायला निघालीस त्यातलाच एक तुकडा पुसला जातो. दोन्ही प्रकारे कर आणि कुठला आलेख कशाचा ते स्लाइडवरच लिही.

गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे २०२५ साली, सिंहगड रोडच्या भागात गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली होती ती तू उदाहरण म्हणून घेतली आहेस. काढून टाक. तिथे कॅम्पिलोबॅक्टर जंतूच्या संसर्गानंतरची प्रतिकारशक्ती हातापायांच्या मज्जातंतूंवर उलटते. आतड्याच्या स्रावाशी त्याचा संबंध नाही.

उपचारांसाठी दोन ओळी पुरेत. रेसकॅडोट्रिल एन्केफॅलिनचं विघटन थांबवतं, म्हणजे ब्रेक जास्त वेळ दाबून धरतं आणि स्राव कमी करतं. लोपरामाइड मुख्यतः आतड्याची हालचाल मंदावतं, रक्ती आव आणि ताप असताना देत नाहीत. ओआरएस कुठलीच कळ बंद करत नाही. लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढंच ग्लुकोज व्हिलायच्या शाबूत राहिलेल्या सोडियम-ग्लुकोज वाहकावरून पाणी आत ओढतात.

बदललेले स्लाइड गुरुवारपर्यंत पाठव.

तुझी,
आई

ता. क. टेट्रोडोटॉक्सिनची कुपी वेगळ्या कुलपात ठेव, हातमोजे घाल, आणि ते एकदा गेलेला चेंबर पुढच्या ‘टेट्रोडोटॉक्सिन न दिलेल्या’ तुकड्यासाठी वापरण्याआधी नीट विसळ. नाहीतर दोन्ही रेघा सपाट येतील आणि कारण शोधत बसशील.