टाळूचं ऐकून घाबरलीस ना

प्रिय वैशे,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सरकलेली हिरडी झाकायला तोंडातल्या टाळूचं मांस काढून हिरडीला लावतात हे ऐकून तुझी झोप उडाली, माझीही उडाली होती गं. फोनवर धड सांगता येत नाही म्हणून लिहितेय.

माझा वरचा डावा सुळा आठवतो ना, मुळाचा पिवळा भाग उघडा पडलेला, नख फिरवलं की खाच लागायची आणि गार पाणी प्यायलं की थेट कानशिलात कळ. डॉक्टरांनी मोजलं तर हिरडी ४ मिमी सरकलेली. पण त्यांनी लगेच सर्जरीचं नाव नाही काढलं, आधी क्लीनिंग केलं, एक्स-रे काढला आणि दोन दातांमधलं हाड बघितलं. ते हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जायची चांगली आशा असते, झिजलं असेल तर कुठलीही सर्जरी करा, बहुतेक वेळा अर्धवटच झाकतं. तू पहिलं हेच विचार.

हिरडी जाड असेल तर नुसती सोडवून दातावर ओढून शिवतात, टाळूला हातच लावत नाहीत. माझी पातळ, म्हणून टाळूच्या कातडीखालचा पातळ थर काढला, मुळावर ठेवला आणि वरून हिरडी ओढून टाके घातले. टाळूची वरची कातडी जागेवरच राहते म्हणून जखम उघडी पडत नाही. कातडीसकट तुकडा काढायची जुनी पद्धतपण आहे, तिच्यात टाळू जास्त दुखतो आणि लावलेला तुकडा फिकट दिसतो, पण खालच्या पुढच्या दातांना घट्ट हिरडीच उरली नसेल तर तीच कामाला येते. टाळू नकोच असेल तर त्या तुकड्याऐवजी लावायला कोलॅजनचा मेम्ब्रेन, म्हणजे तयार पातळ पडदा मिळतो, महाग पडतो. पिनहोलच्या, म्हणजे बारीक भोकातून हिरडी सोडवून दातावर सरकवायच्या पद्धतीच्या जाहिरातींना लगेच भुलू नकोस, ते सगळ्यांना चालत नाही.

भूल दिल्यावर मला फक्त ओढाताण जाणवली. नंतर आठवडाभर जीभ सारखी टाळूच्या टाक्यांवर जायची, दोन आठवडे त्या दाताला ब्रश नाही, नुसतं माउथवॉश, आणि गार दहीभात. तिसऱ्या दिवशी मी ओठ वर करून बघितलं तर रक्त आलं, रडले. तू अजिबात बघू नकोस.

आता खरं सांगायचं ते. माझी हिरडी कडक ब्रशने आडवं घासून गेली, तो मी बदलला. तुझी मिश्री मात्र कॉलेजपासून चालू आहे, काकूंच्या डबीतली. ती तंबाखूच आहे वैशे. लावलेला तुकडा जगायला आजूबाजूच्या हिरडीतून रक्त मिळावं लागतं आणि तंबाखू नेमकं तेच बिघडवते. एवढा त्रास आणि पैसा घालून तुझं वाया गेलेलं मला बघवणार नाही. डॉक्टरांनापण लपवू नकोस, मागच्या वेळी लपवलंस. आधी डबी बंद, मग तारीख.

तारीख ठरली की कळव, मी आदल्या रात्रीच येते. भात मी लावीन.

तुझीच,
मनू