वाडा, दादा आणि आग्र्याचं चर्च

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मंदे,

आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. रागव हवं तर, पण आधी हे वाच. आम्ही बरे आहोत, ह्यांचा मोतीबिंदू दिवाळीनंतर काढायचाय.

जनकगंजचा वाडा चाललाय गं. दादाने कागद तयार केलेत, फक्त माझी सही राहिलीय. घेणारा वाडा पाडणार, हे ठरलेलंच. दादा धंद्यात पुरता बसलाय, घेणेकरी ओसरीवर ठाण मांडतात आणि वहिनी त्यांना चहा करून देते. दादा मला तोंडाने एक शब्द बोलत नाही, तेच जास्त लागतं. पेन हातात घेतलं की देवघराचा उंबरा दिसतो. चिंचोके घासून घासून आपण त्याला पाडलेला खळगा अजून तसाच आहे, पुसायला गेलं की फडकं तिथे अडतं. (माझे दोन चिंचोके तूच लांबवलेस. अजून कबूल कर.)

परवा ह्यांचे डोळे दाखवायला आग्र्याला गेलो. वेळ होता म्हणून वजीरपुऱ्यातलं अकबरी चर्च पाहिलं. शेजारी १८४८चं भलंमोठं कॅथेड्रल, आणि हे मोगलांच्या वेळचं, लहानसं. अकबराच्या परवानगीने जेझुइट पाद्र्यांनी १६००च्या सुमारास बांधलेलं. पुढे हुगळीला पोर्तुगिजांशी लढाई झाली, शाहजहानने माणसं कैद करून आग्र्याला आणली. १६३५त तो म्हणाला, पाद्र्यांना सोडतो, पण चर्च तुमच्या हातांनी उतरवा. आणि मंदे, त्यांनी उतरवलं! माणसं सुटली. वर्षभरात त्याच जागी पुन्हा बांधायची परवानगी मिळाली, ८ सप्टेंबर १६३६ला तिथे पुन्हा प्रार्थना झाली. मी बाकावर बसून रडले. हे बाहेर चपला शोधत होते, त्यांना काय सांगणार?

त्यांना निदान जागा तरी परत मिळाली. आपल्याला तीही नाही. पण दादा सुटेल.

कॅथलिक कबरस्तानातला लाल ताज, म्हणजे हेसिंगची कबर, तीही पाहिली. सहलीत तू भर उन्हात भांडली होतीस, इंग्रजाची कबर म्हणून. हेसिंग डच होता, महादजींच्या फौजेतला, नंतर आग्र्याच्या किल्ल्यावर होता. १८०३त गेला आणि बायकोने ती कबर बांधली. शिंद्यांचा माणूस, मी म्हणत होते तेच!

तुझ्या सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? मुलगा की मुलगी, तेवढं तरी कळव. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

उंबऱ्याचा दगड काढून देईन, असं दादा म्हणाला. माझ्या फ्लॅटात तो कुठे ठेवू? तुझ्या अंगणात तुळशीपाशी बसेल का? पंधरा तारखेच्या आत फोन कर, दुपारी, हे झोपलेले असतात तेव्हा. तोवर सही करत नाही.

तुझी,
शैला