मनू, मॉइश्चरला साधं म्हणू नकोस

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस ना, "आई, फूड लॅबमध्ये असतं काय गं, रोज तेच मॉइश्चर, अ‍ॅश, प्रोटीन, एवढ्यासाठी एमएस्सी केली का मी", तेव्हा मी काही बोलले नाही कारण हळदीची सात सॅम्पलं लावलेली होती आणि मला घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. आता रात्रीचे साडेदहा झालेत, बाबा झोपलेत, म्हणून लिहायला बसलीये.

मॉइश्चरचंच घे. पीठ असेल तर डिशमध्ये वजन करून ओव्हनला ठेवायचं आणि जेवढं वजन घटलं तेवढं पाणी धरायचं, बरोबर, पण हळदीला हे चालत नाही. हळदीत उडून जाणारं तेल असतं, ओव्हनमध्ये ते पण उडतं आणि आपण त्याला पाणी समजून बसतो, मग एखाद्या शेतकऱ्याचा चांगला वाळवलेला माल कागदावर ओला ठरतो आणि त्याचा दर पडतो. म्हणून हळद टोल्यूइन नावाच्या द्रवात उकळायची, वाफ थंड करून खुणांच्या नळीत घ्यायची, पाणी खाली बसतं, तेल वर टोल्यूइनमध्येच राहतं, आणि मग डोळ्याच्या रेषेत नळी धरून पाणी वाचायचं. हे करताना अर्धा एमएल इकडंतिकडं वाचलं तरी कोणाचं किती नुकसान होतं ते तू सांगलीत वाढलीयेस, तुला मी सांगायला नको.

आणि मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघतात ना, ती नजर अस्सल असते, पण पावडर झाली की नजर संपते. पावडर पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, घालणारे लोक आहेत गं. करक्युमिन, म्हणजे हळदीचं स्वतःचं पिवळं द्रव्य, आपण 425 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतो, ते बरोबर आलं म्हणून शिसं नाही असं होत नाही, त्याची टेस्ट वेगळी लावावी लागते. शिसं पोरांच्या मेंदूवर जातं आणि चवीला काही कळत नाही. घरात रोज आमटीत पडणारी वस्तू आहे ही, त्यामुळं मला तरी हे काम लहान वाटलेलं नाही कधी.

प्रोटीनचं सांगते. केल्डालची पद्धत 1883 ची, डेन्मार्कमधली, आणि आपण अजून तीच करतो. पण ती प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजते आणि आपण त्याला 6.25 नं गुणतो, दुधाला 6.38 नं. 2008 ला चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन, प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन, मिसळलं, त्यात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो, मग टेस्टला प्रोटीन भरपूर आणि बाळांच्या किडनीत खडे, सहा बाळं गेली, जवळपास तीन लाख आजारी पडली. तू तेव्हा बालवाडीत होतीस आणि रोज रात्री दूध पिऊन झोपायचीस, मी ती बातमी वाचून तुझ्याकडं बघत बसले होते. टेस्ट करणाऱ्यानं आकडा बरोबर काढला असला तरी तो आकडा कशाचा आहे हे त्याला माहीत पाहिजे, हे मला तेव्हा कळलं.

आता एक गोष्ट जी तुला कधी सांगितली नाही. नोकरीला लागून तीन वर्षं झाली असतील, एका बचत गटाच्या बायकांनी नाचणी आणि शेंगदाण्याच्या पिठाचं सॅम्पल आणलं होतं, लेबलवर त्यांनी 14 ग्रॅम प्रोटीन छापलेलं, मला आलं 11. त्या दिवशी डिस्टिलेशनला अमोनियाचा वास येत होता आणि मला वाटलं लॅब म्हणलं की वास असायचाच. अमोनियम सल्फेट लावून रिकव्हरी बघायची, म्हणजे त्यातला आधीच माहीत असलेला नायट्रोजन पूर्ण परत मिळतो का ते, ती मी घाईत सोडली होती. रिपोर्टवर सही झाली, त्यांनी सगळी लेबलं फाडली, ऑर्डर गेली. चार दिवसांनी दुसऱ्या सॅम्पलला पण कमी आलं तेव्हा उपकरणाचा जॉइंट उघडून बघितला तर गळत होता, मोजायचा अमोनिया तिथूनच उडत होता. मी परत लावलं, 14 च आलं. वरिष्ठ म्हणाले नवीन रिपोर्ट पाठवून दे, पुरे. मी एसटीनं त्यांच्या गावाला गेले आणि समोर बसून सांगितलं. त्यातली एक आजी काहीच बोलली नाही, नुसता चहा पुढं सरकवला. तो चहा मला गिळवला नाही मनू. तेव्हापासून ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता केलेली टेस्ट, आणि रिकव्हरी लागल्याशिवाय मी एकही आकडा वहीत चढवलेला नाही, कितीही फोन येऊ देत.

पगाराचं लपवत नाही, सुरुवातीला फार्मावाले जास्त देतात आणि तुझ्यावर कर्ज आहे हे मला माहितीये, फार्मात गेलीस तरी मला वाईट वाटणार नाही. फक्त फूडमध्ये काही नाही म्हणून जाऊ नकोस.

सोमवारी त्या लॅबला इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा ते तुला विचारतीलच, पण तू पण त्यांना विचार की रिकव्हरी रोज लावता का, आणि मोठ्या पार्टीचं सॅम्पल फेल आलं तर परत टेस्ट कोण सांगतं आणि सही कोण करतं. हे दुसरं विचारल्यावर ते लगेच बोलतात का एकमेकांकडं बघतात ते नीट बघ. आणि बाहेर पडल्या पडल्या फोन कर, मी टायट्रेशनला असले तरी उचलीन.

तुझी,
आई