बाबांचं आजीवन कार्ड आणि आईचा दीड जीबी

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि. फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं बरं, ठेवतो, तुझे पैसे जातायत" म्हणून चाळीस सेकंदात फोन ठेवतात आणि आई म्हणते तूच काय ते बाबांशी बोल, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. आईच्या व्हॉट्सॲपवर येईल, आई तू चष्मा लाव आणि मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

विषय रिचार्जचा आहे, हसू नका. गेल्या महिन्यात आई मामाकडे चिपळूणला गेली होती ते चार दिवस आठवा. मी बाबांना फोन लावतेय तर एक बाई सांगतेय या नंबरवर इनकमिंग सेवा बंद आहे. सकाळी तेच, रात्री तेच, दुसऱ्या दिवशी पण तेच. आईला सांगावं तर ती निम्म्या वाटेतून परत फिरेल, म्हणून शेवटी शेजारच्या काकांना फोन केला, ते बिचारे गुडघे धरत घाटी चढून वर आले तर बाबा खळ्यात बसून सुपारी सोलतायत. आणि काय म्हणालात बाबा तुम्ही? "फोन येत नव्हता तर वाटलं पोरं कामात असतील." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणजे आउटगोइंग बंद होऊन आठवडा तरी झाला असणार, मग इनकमिंग पण गेलं, आणि रिचार्ज संपतोय असे मेसेज आलेच असतील पण तुमच्या फोनमध्ये जाहिरातींचे एवढे मेसेज साठलेत की नवीन कुठला आणि जुना कुठला ते देवच जाणे.

मग मी बाजारातल्या त्या दुकानदाराला विचारलं की बाबांना कुठला रिचार्ज मारता हो, तर म्हणाला ८५९ चा, ८४ दिवस, रोज दीड जीबी, सगळ्यांना हाच चालतो. मी हिशोब केला. ८४ दिवसांचे १२६ जीबी होतात. बटणांच्या फोनवर! ज्यात टॉर्च आणि रेडिओ सोडून तिसरं काही नाही. बाबा, तुम्ही मुळ्याची जुडी पाच रुपयांनी महाग लावली तर भाजीवालीशी वाद घालता आणि इथे वर्षाला साडेतीन हजारांच्या वर देऊन जे नेट तुमच्या फोनमध्ये उघडतच नाही ते विकत घेताय. दुकानदाराचा पण राग नाही आला मला, त्याला कोणी विचारलंच नसणार की हे घेणारा माणूस कोण आहे आणि फोन कुठला आहे.

आता तुम्ही म्हणणार, मुळात माझं कार्ड आजीवन आहे, २००६ ला ९९९ भरलेत, पावती आहे. माहितीये बाबा, पावती लोखंडी कपाटात आहे, लग्नाच्या अल्बमखाली. पण ते आजीवन २०१८ च्या शेवटालाच संपलं हो, तेव्हापासून कंपन्यांनी दर महिन्याला किमान रिचार्ज लावला आणि लाइफटाइमवाल्यांना पण तोच. चूक का बरोबर ते सोडा, पण त्या पावतीवर आता कोणी बोलू देणार नाही.

चांगली बातमी अशी की तुमच्यासारख्या माणसांचा विचार सरकारदरबारी झालाय. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना नियम घातला की ज्यांना नेट नकोच त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि मेसेजचं वेगळं रिचार्ज ठेवलंच पाहिजे, आणि आधी असं रिचार्ज जास्तीत जास्त ९० दिवसांचं असायचं ते आता ३६५ दिवसांपर्यंत देता येतं. कारण म्हणून त्यात ज्येष्ठ नागरिक लिहिलेत आणि ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आहे अशी घरं. मग २०२५ च्या जानेवारीत सगळ्यांनी तसे प्लॅन काढले. एअरटेलचा ४६९ ला ८४ दिवस आणि १८४९ ला अख्खं वर्ष, जिओचा ४४८ ला ८४ दिवस आणि १७४८ ला ३३६ दिवस, तेव्हाचे दर हे, रिचार्ज मारताना मी परत बघीनच. पण कंपन्या हे प्लॅन दुकानाच्या पाटीवर लावत नाहीत, मागून घ्यावे लागतात, ॲपमध्ये पण पार खाली सरकत गेलं की दिसतात.

तर बाबांसाठी मी एअरटेलचा वर्षाचा घेतेय. १८४९ भागिले ३६५, दिवसाला पाच रुपये पडले. स्टँडवरचा चहा पण यात येत नाही आता. कॉल अनलिमिटेड, आणि बँकेचे ओटीपी साध्या मेसेजने येतात त्याला नेट लागत नाही, त्यामुळे पेन्शनचं आणि बँकेचं काही अडणार नाही. मला भीती त्या नंबरचीच आहे खरंतर. तुमचा तो नंबर आधारला आहे, पेन्शनच्या खात्याला आहे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढताना तोच लागतो. महिनोन् महिने बंद राहिला तर कंपनी नंबर काढून घेते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देऊन टाकते, मग तुमच्या खात्याचा ओटीपी कोण्या अनोळखी माणसाला जाणार. म्हणून वर्षाचा, एकदाच, विसरायचा प्रश्नच नको.

जिओचा थोडा स्वस्त दिसतो, मग तो का नाही, हे तुम्ही विचारणार. तर तुमचा फोन टूजीवाला, म्हणजे जुन्या नेटवर्कवर चालणारा आहे आणि जिओकडे टूजी कधी नव्हतंच, त्यात ते कार्ड टाकलं तर चालणारच नाही. फोरजीवाले बटणांचे फोन मिळतात पण तुमची बोटं या फोनला सरावलीत, न बघता आईला फोन लावता तुम्ही, ते मी बिघडवणार नाही. पोर्ट करणं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, अवघड नसतं, १९०० ला एक मेसेज टाकायचा आणि कोड येतो, पण रेंज हा मुख्य मुद्दा आहे आणि ती आपल्या पडवीत याच कार्डाला येते. दोन पैसे वाचवायचे आणि मग बोलायला विहिरीपर्यंत जायचं, त्यात काय अर्थ आहे.

आता आई. तुझं बाबांसारखं नाही. तुला नातवाचं तोंड बघायचं असतं, भजनी मंडळाचा ग्रुप आहे, यूट्यूबवर कीर्तन लावून तू तांदूळ निवडतेस. दादा म्हणाला आता फायबर आलाय घरी, मग आईला पण नुसता कॉलचा प्लॅन घेऊन टाक. मला पण आधी तेच वाटलं. पण दादा बेंगळुरूत बसून बोलतोय, जूनमध्ये आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते तो विसरला. लाईट गेली की वायफायची पेटी मेली, आणि नेमका तेव्हाच आम्हाला जीव लागून राहतो की वर काय चाललंय. म्हणून आईच्या कार्डावर रोजचं नेट राहणारच. फक्त ते २८ दिवसांचं बंद कर बाई. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नाही तेरा रिचार्ज होतात, तेराव्याचे पैसे गेले ते कळत पण नाही. लोकांनी तक्रारी केल्या म्हणून ट्रायने २०२२ मध्ये सांगितलं की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवा, पण दुकानदार अजून २८ वालाच मारतो. तुझ्यासाठी ८४ दिवसांचा, दीड जीबीवाला बरा.

आणि आई, नेट बंद करून ठेवत जाऊ नको गं. रविवारी चिनू व्हिडिओ कॉल लावतो आणि तू नेट बंद करून बसलेली असतेस "संपेल म्हणून". संपलं तर जास्तीचे पैसे कापत नाहीत, नुसतं गोगलगाय होतं आणि रात्री बारा वाजले की परत नवीन दीड जीबी. तुझं नेट खरं तर तो भजनी मंडळाचा ग्रुप खातो, सकाळी फुलांचे आणि सुविचारांचे व्हिडिओ येतात ते सगळे आपोआप डाउनलोड होतात. पुढच्या वेळी आले की ती सेटिंग बंद करून देते, जो बघायचा तो बोट लावून उघडायचा.

दादाचं आणखी एक म्हणणं होतं पोस्टपेडचं, फॅमिली प्लॅन, सगळ्यांचं बिल तो भरेल. कल्पना वाईट नाही, रिचार्ज संपायची भीती नाही, पण त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, प्रीपेडमध्ये तो आतच असतो, आणि बाबांना "बिल" हा शब्द दिसला की ते फोनच करायचे नाहीत. आणि सगळे एकाच कंपनीत येतील ते मला मुळीच नको. निसर्ग वादळ आठवतंय ना, ३ जून २०२०, त्यानंतर तुमचा आवाज ऐकायला आम्हाला पाच दिवस लागले, सगळ्या दापोली तालुक्यात खांब आडवे आणि टॉवर मुके. तेव्हा काहीच चाललं नाही हे खरं, पण साध्या पावसात एकाचा टॉवर जातो आणि दुसऱ्याचा असतो असं होतंच, म्हणून बाबांचं कार्ड एका कंपनीचं आणि आईचं दुसऱ्या, असंच राहू दे.

बाबा, अजून एक. ठाण्याला येताना तुम्ही पनवेल आलं की फोन बंद करता, रोमिंग लागतं म्हणून. फोन कंपन्यांच्या हिशोबात मुंबई सर्कल आणि महाराष्ट्र सर्कल वेगळं आहे हे बरोबर, पूर्वी लागायचं पण. आता या प्लॅनमध्ये देशात कुठेही रोमिंगचे पैसे नाहीत. मागच्या खेपेला मी स्टॉपवर एक तास उभी होते आणि तुम्ही पलीकडच्या बाजूला, फोन बंद करून.

आणि कोणी फोन करून म्हणालं की ट्रायमधून बोलतोय, केवायसी राहिलंय, दोन तासांत नंबर बंद होईल, नऊ दाबा, तर दाबायचं काही नाही, सरळ कट. ट्राय असे फोन करतच नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, आणि मला. लाज वाटून लपवू नका, चांगले शिकलेले फसतात त्यात.

पैशाचं म्हणाल तर मी इथूनच भरते, कुठल्याही नंबरचं कुठूनही होतं. बाबा लगेच "हिशोब ठेव, देतो" म्हणणार. मे महिन्यात आंब्याच्या दोन पेट्या पाठवता त्याचे पैसे मी कुठे देते? फारच टोचत असेल तर कोकमं पाठवा, आमची संपलीत, आणि यावेळी मीठ जरा कमी घाला आई.

रविवारी सकाळी अकराला दोन्ही रिचार्ज मारते. बाबा, मेसेज आला की आवाज होईल, मग मला फोन लावा. मिस्ड कॉल नाही, फोन. मी उचलेपर्यंत वाजू द्या, मधेच ठेवू नका.

तुमची,
मनू

ता. क. आई, तू तो मेसेज पुढे पाठवला होतास ना, वीस रुपयांत सिम चार महिने चालू, तो अर्धाच खरा आहे. ९० दिवस कार्ड वापरलं नाही तरी बॅलन्समध्ये वीस रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून द्यायचे, असा जुना नियम आहे, नंबर हातचा जाऊ नये म्हणून. त्या वीस रुपयांत बोलायला मिळत नाही. बाबांना आधीच आनंद झाला होता, त्यांना नीट सांग.