वाफे दोन, भाज्या बारा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमची यादी मिळाली. भाज्या १२ आणि तीन फूट रुंद, आठ फूट लांब असे वाफे दोन. बाबा म्हणतात जागा पुरणार नाही, आई म्हणते पुरेल. सगळं एकाच दिवशी पेरलंत तर बाबांचं खरं होईल: महिनाभरात सगळं एकमेकांत घुसेल, मेथीची एकच भलीमोठी जुडी निघेल आणि बाकी नुसता पाला. पण टोमॅटोचं रोप लावल्यापासून फळ पिकेपर्यंत ६० ते ८० दिवस जातात आणि त्यातले पहिले ३०-४० दिवस रोपांमधली माती उघडीच पडलेली असते. तेवढ्यात मुळा येऊन जातोही. हा दिवसांचा हिशोब जमवला तर आईचं खरं.

काहीही लावण्याआधी एक दिवस ऊन मोजा. सकाळी आठपासून दर दोन तासांनी वाफ्यावर सावली कुठे आहे ते कागदावर मांडा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेल यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. सहा तास ऊन मिळत नसेल अशा जागी वांगं लावून त्याला खत घालत बसण्यात अर्थ नाही. झाड वाढेल, फळ धरणार नाही.

तीन फूट रुंदी बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट हात पोचतो, म्हणून वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. पाय पडला की माती दबते, दबलेल्या मातीत हवा राहत नाही आणि मुळं वरच्या वर अडतात. मधली वाट मात्र दोन फूट ठेवा, बाबांना बुटकं स्टूल टाकून बसता येईल. वाफा कमरेपर्यंत उंच करायचा विचार सोडून द्या. दोन फूट उंचीला एका वाफ्यात १,३०० लिटरच्या वर माती लागते आणि ती दर वर्षी खाली बसते. पाऊणएक फूट उंची पुष्कळ झाली.

मातीची परीक्षा सोपी आहे. ओलसर माती मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर माती छान. फुटलाच नाही तर माती चिकण, गोळा झालाच नाही तर रेताड. दोन्हींवर औषध एकच, कुजलेलं खत. वाफ्यावर दोन इंचांचा थर द्या. एका वाफ्याला साधारण ११० लिटर, म्हणजे १० लिटरच्या अकरा बादल्या लागतील. खुरपीनं वरच्या सहा-सात इंचांत मिसळा. खत कुजलेलं म्हणजे काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. ताजं शेण अजिबात नको. त्याच्या उष्णतेनं आणि अमोनियानं कोवळी मुळं जळतात, शिवाय त्यातून तणाचं बी येतं ते वेगळंच.

आता मांडणी. दुसऱ्या वाफ्यापासून सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. त्यात पुढच्या ओळीत टोमॅटोची दोन आणि वांग्याची दोन रोपं, दोन-दोन फुटांवर. मागच्या ओळीत, दीड फूट सोडून, भेंडीची आठ झाडं एकेका फुटावर. भेंडी मागे म्हणजे तिची सावली बाकीच्यांवर पडणार नाही अशा कडेला, बहुधा उत्तरेकडे. टोमॅटो दोनच का, असं आईला वाटेल. नीट पोसलेली दोन झाडं दोघांना पुरतात. भेंडीचं उलटं आहे. एका झाडाला एका वेळी दोन-तीन भेंड्या येतात, त्यामुळे एकवेळची भाजी व्हायला आठ झाडं तरी हवीत.

ही रोपं लावली त्याच दिवशी मधल्या मोकळ्या मातीत मुळ्याचं बी दोन-दोन इंचांवर टोका. ३०-३५ दिवसांत मुळा उपटून घ्यायचा. जास्त ठेवला तर आतून पोकळ आणि जून होतो. तोवर टोमॅटोला ती जागा लागायला लागलेलीच असते.

पहिल्या वाफ्याच्या मागच्या कडेला सहा फूट उंच काठ्या रोवून सुतळीची जाळी बांधा. त्यावर काकडीचे दोन वेल आणि दोडक्याचा एक. दुधीचा मोह टाळा, एकच वेल सगळी जाळी खाऊन टाकतो. पुढची दोन फूट पालेभाज्यांची: फूट-फूट रुंदीचे आडवे पट्टे पाडा आणि दर १५ दिवसांनी दोनच पट्टे पेरा. आज मेथी आणि पालक, पंधरवड्यानं कोथिंबीर आणि पुन्हा मेथी. मेथी २५-३० दिवसांत निघते, की तो पट्टा रिकामा. मूठभर खत मिसळून दुसरं काहीतरी पेरायचं. पालक मात्र उपटू नका. जमिनीपासून इंचभर ठेवून कापा, तीन-चार वेळा फुटतो.

मिरची कुंड्यांत, कारण ती १०-१२ लिटरच्या कुंडीतही खूश असते. अशा तीन कुंड्या. गाजराला मात्र फूटभर खोल कुंडी आणि चाळलेली माती हवी. खडा किंवा कच्च्या खताचा गोळा लागला की गाजराला दोन पाय फुटतात. कुंडीत नुसती माती भरू नका, पाण्यानं ती विटेसारखी घट्ट होते. चार भाग माती, तीन भाग कंपोस्ट (कुजलेलं खतच), तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि तळाची भोकं मोकळी.

कोबी-फ्लॉवर तुमच्या यादीत नाहीत ते उत्तम. दीड फूट जागा तीन महिने अडवून हाती एकच गड्डा. कांदा-बटाटाही जागा बराच काळ अडवतात.

पेरणी तारखेवर नाही, हवेवर ठरवा. पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना १० ते २५ अंशांची हवा मानवते. पारा ३० च्या वर गेला की पालकाचं बी नीट उगवत नाही आणि कोथिंबीर पानं देण्याऐवजी फुलावर जाते. भेंडी, काकडी, दोडका, वांगी यांना ऊब हवी. थंड मातीत भेंडीचं बी उगवण्याआधी कुजतं. मेथी त्यातल्या त्यात सोशिक.

बी किती खोल? बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट, त्याहून खाली नाही. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. धना हाताखाली रगडून दोन फाकी करा, कारण एका धन्यात दोन बिया असतात, आणि मग आठ-दहा तास भिजवा. तरीही तो उगवायला आठ ते पंधरा दिवस घेतो, तेव्हा आठवड्यानं माती उकरून बघायची नाही (बाबा, हे तुमच्यासाठी). गाजर याहून आळशी, दोन-तीन आठवडेसुद्धा. तोवर वरची माती एकदाही सुकता कामा नये, म्हणून पेरल्यावर ओलं गोणपाट पसरा आणि पहिला कोंब दिसताच काढा. मुळा आणि गाजर जागेवरच पेरायचे, उपटून दुसरीकडे लावले की वाकडे होतात. टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं खुडून अर्धं खोड मातीत गाडा. गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. वांगं-मिरचीला असं करू नका, ती होती तेवढ्याच खोलीवर.

पाणी हा भाग नीट वाचा, कारण बागेतले अर्धे आजार पाण्याचे असतात. एका वाफ्याला आठवड्याला साधारण ५५ लिटर, दोन-तीन वेळांत विभागून. कडक उन्हात जास्त. रोज शिंतोडे मारलेत तर वरचा इंचच भिजतो आणि मुळं तिथेच घुटमळतात, मग एक दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. संध्याकाळी आपोआप सावरली तर ती मरगळ उन्हाची होती, तहानेची नाही. पाणी सकाळी आणि बुडाशी. पानं रात्रभर ओली राहिली की बुरशी धरते. कुंड्यांचं वेगळं, त्यांना उन्हाळी हवेत रोज लागतं. झारी ५ लिटरचीच घ्या, १० लिटरची भरलेली झारी उचलून कंबर धरू नका. वाफ्यावर वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंच थर घाला, पाणी बरंच वाचतं आणि तणही कमी. खोडाभोवती मात्र दोन बोटं जागा मोकळी, नाहीतर खोड कुजतं.

आता काय बिघडतं ते. उगवून आलेली रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली, तर पेरणी दाट आणि पाणी जास्त झालं. टोमॅटोच्या तळाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर तो रोग नव्हे. फळाला कॅल्शियम पोचलं नाही. मातीत ते बहुतेक वेळा असतं, पण पाणी कधी भरपूर कधी शून्य असं झालं की फळापर्यंत जात नाही. अंड्याची टरफलं पुरून तो लगेच थांबत नाही, पाणी नियमित केलं की पुढची फळं चांगली येतात. फळं तडकतात तीही याच कारणानं. टोमॅटोला फुलं येऊन गळत असतील तर हवा बघा. दिवसा ३५ च्या वर, किंवा रात्रीही उकाडा असेल तर फळधारणा होत नाही. खत घालू नका, थांबा. उंच वाढणाऱ्या वाणाची बगलफूट, म्हणजे खोड आणि पानाच्या बेचक्यातून येणारी फांदी, कोवळी असतानाच खुडा आणि खोड काठीला सैल बांधा. बुटक्या, झुडपी वाणाची खुडू नका, फळं कमी होतील.

काकडीला पहिली आठ-दहा फुलं येऊन नुसती गळतात, ती नर असतात. मादी फुलामागे इवलीशी काकडी दिसते. ती पिवळी पडून गळायला लागली तर परागीकरण झालं नाही असं समजा. सकाळी नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याचं हे काम दिवेलागणीला. आणि एक महत्त्वाचं: दोडक्याचा शेंडा कापून जिभेला लावून बघत जा. कडूजहर लागला तर तो शिजवूनही खायचा नाही. त्यातला कडू पदार्थ विषारी असतो आणि शिजवल्यानं जात नाही. 'टाकून कशाला द्यायचा' हे आई, इथे चालणार नाही.

वांग्याचा कोवळा शेंडा एकटाच मान टाकून लोंबला तर आत अळी आहे. इंचभर खालून कापून नष्ट करा. कंपोस्टमध्ये टाकू नका. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची अगदी बारीक कीड. शेंड्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, नीट घुसळून, पानांच्या खालच्या बाजूला. ऊन उतरल्यावरच, नाहीतर पानं करपतात. मधमाश्याही तेव्हा परतलेल्या असतात. आधी एका पानावर मारून एक दिवस वाट पाहा, मग सात-आठ दिवसांनी पुन्हा.

खत जास्त घालायची हौस आवरा. दर तीन आठवड्यांनी झाडागणिक दोन मुठी गांडूळखत पुरे. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड हिरवंगार, धष्टपुष्ट, आणि फळ नाही. वर मावाही अशाच लुसलुशीत झाडावर आधी येतो.

भेंडी एक दिवसाआड तोडा. फूल पडल्यापासून चार-सहा दिवसांत ती तयार होते, आणि झाडावर जून शेंग राहिली की झाड नवी फुलं कमी करतं. काकडीचंही तसंच.

टोमॅटो-वांगी संपली की त्याच वाफ्यात घेवडा. तोही दोन महिन्यांत आटोपतो. नंतर वरचं झाड कापून घ्या, मुळं मातीतच राहू द्या. त्यांवरच्या गाठींतलं नत्र पुढच्या पिकाला मिळतं. पुढच्या वर्षी दोन्ही वाफ्यांची अदलाबदल करा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातली, त्यांचे मातीतले रोगही सामाईक. कुंडीतली जुनी मिरचीची माती टोमॅटोच्या वाफ्यात रिकामी करू नका ती त्यासाठीच.

तुमची लेक

ता. क. मागच्या वर्षीचं बी उरलं असेल तर दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. आठवड्यात (धना आणि गाजराला वर सांगितलेले दिवस द्या) सहापेक्षा कमी फुटल्या तर दुप्पट पेरा, तीनच फुटल्या तर नवं आणा. आणि पुदिना यादीत नाही, पण आई लावणारच. तो कुंडीतच लाव, वाफ्यात सोडलास तर दोन्ही वाफे त्याचे.