फुकटच्या सॉफ्टवेअरचं बिल

महोदय,

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाची मी ग्रंथपाल. परवाच्या कमिटीत ६,५०० रुपयांच्या एका बिलावर पाऊण तास वाद झाला. पुस्तकांच्या नोंदी आम्ही 'कोहा' या वाचनालयांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. "सॉफ्टवेअर फुकट म्हणून घेतलं ना बाई, मग हे पैसे कसले?" खजिनदारांनी विचारलं. त्यांचं चुकलं नाही. ते घेताना 'फुकट' हा शब्द मीच तीनदा वापरला होता.

झालं असं, पावसात करंट सारखा जाऊन-येऊन जुना कॉम्प्युटर बसला. भाच्याने नव्यावर सगळं चढवून दिलं. इंग्रजी पुस्तकं सापडत होती. मराठी नाव टाकलं की शून्य. कन्नडचीही तीच गत. पुस्तक समोरच्या कपाटात दिसतंय आणि पडदा म्हणतोय, नाही! चार दिवस मी जुनं रजिस्टर उघडून बसले. बेळगावहून आलेल्या मुलाला तीन तासांनी कारण सापडलं. देवनागरीतला शोध नीट चालायला 'आयसीयू' नावाची सेटिंग लागते, ती नव्या मशीनवर राहूनच गेली होती. ती लावून सूची पुन्हा तयार करायला वीस मिनिटं. "वीस मिनिटांचे साडेसहा हजार?" हा पुढचा प्रश्न. (इन्व्हर्टरच्या बॅटरीचं दुप्पट बिल चहा यायच्या आत मंजूर झालं होतं.)

मुळात कोहा फुकटात जन्मलंच नाही. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी एका कंपनीला पैसे देऊन हे करून घेतलं आणि मग सगळ्यांसाठी खुलं केलं. माओरीत 'कोहा' म्हणजे आहेर, परतफेडीचा. आपल्याकडे लग्नातले आहेर वहीत लिहून ठेवतात, तसाच.

आता त्या मुलाने वर्षाला १२,००० चा करार पुढे केलाय. मी अजून सही केलेली नाही. त्यात 'बॅकअप' म्हणजे नोंदींची राखीव प्रत ठेवणं आहे, पण ती परत चढवून दाखवणं नाही. दुसऱ्या मशीनवर आमच्यासमोर चढवून दाखव म्हटलं, तर १,५०० जादा म्हणतो. माझ्या मते सगळ्यात आधी तेच पैसे द्यावेत. त्याचं काम पटलं नाही तर हुबळीचा किंवा कोल्हापूरचा माणूस बोलावता येतो. नोंदी आमच्या, सॉफ्टवेअर खुलं.

खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, एवढ्यावर अडलंय. खजिनदार 'किरकोळ' म्हणतात. मी 'पुस्तक बांधणी'च्या खालची ओळ मागितली आहे.

आपली,
एक ग्रंथपाल, ता. खानापूर, जि. बेळगाव